स्वभाव, संस्कार आणि एक कायदा



'स्वभावाला औषध नाही' असे आपण घरोघर म्हणतो, आणि त्याच घरात 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' असेही म्हणतो. पहिली म्हण खरी मानली तर माणूस जन्मतःच घडून येतो. दुसरी खरी मानली तर शेजार त्याला घडवतो. आमच्या आजीला या दोन्ही म्हणी एकाच दिवशी वापरताना कधी अडचण पडली नाही. अडचण पडली ती विद्वानांना आणि सरकारला. त्या अडचणीचा थोडा इतिहास आज सांगावा असा आमचा विचार आहे. आम्ही मानसशास्त्राचे पंडित नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे वाचन नगर वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा आमचे पाऊल कोठे घसरले तर सभेतील जाणत्यांनी सावरून घ्यावे.

माणसामाणसांच्या प्रकृतीत उपजत भेद असतो हे जुन्यांना ठाऊक होतेच. आपल्या वैद्यांनी वात, पित्त आणि कफ यांवरून प्रकृती ठरवल्या. ग्रीक-रोमन वैद्यांनी शरीरातील चार रसांवरून चार स्वभाव सांगितले. या विचारांत चूक असेल, पण त्यांत एक सभ्यपणा होता: पित्तप्रकृतीचा माणूस राजवाड्यातही सापडे आणि झोपडीतही. स्वभाव हा माणसाचा होता, कुळाचा नव्हता.

तो कुळाचा झाला एकोणिसाव्या शतकात. चार्ल्स डार्विनचा एक नातलग फ्रान्सिस गाल्टन याने १८६९ मध्ये बुद्धिमत्ता वंशपरंपरेने येते हे सिद्ध करण्यासाठी एक जाडजूड पुस्तक लिहिले. इंग्लंडातले न्यायाधीश, मुत्सद्दी, सेनापती आणि शास्त्रज्ञ यांच्या वंशावळी त्याने जमवल्या आणि दाखवले की मोठ्या माणसांच्या घरात मोठी माणसे जास्त निपजतात. न्यायाधीशाच्या मुलाला बापाची ओळखदेख, बापाचा पैसा आणि बापाचे विद्यालय या तीन गोष्टी फुकट मिळतात, हे गाल्टनसारख्या तल्लख माणसाला दिसू नये याचे आम्हांस नवल वाटते. निदान पुढे त्याला शंका तरी आली. १८७४ मध्ये त्याने निसर्ग आणि संगोपन अशी शब्दांची जोडी शास्त्रात रूढ केली, आणि १८७५ मध्ये या दोहोंचे माप वेगवेगळे काढण्यासाठी जुळ्या भावंडांचा अभ्यास करावा अशी युक्ती सुचवली. युक्ती खरोखर मोलाची होती. ती आजही वापरतात. (त्याच १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिचा पाया अगदी उलट श्रद्धेवर होता: माणूस ऐकून-वाचून बदलतो.)

लंडनात हा वाद पुस्तकांत चालला होता. हिंदुस्थानात मात्र तोवर त्याचा निकाल लागून कायदाही झाला होता. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा मंजूर झाला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जमातीत जन्मलेला प्रत्येक जण पोलिसांच्या नोंदवहीत जाणार. त्याने हजेरी द्यायची. परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. आणि ही जाहीर केलेली गोष्ट बरोबर की चूक, हे कोणत्याही न्यायालयाने विचारायचे नाही. कायद्याच्या समर्थनार्थ युक्तिवाद असा झाला की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तेव्हा पिढीजात गुन्हेगारांच्याही जाती असणारच. साहेबाला हे शिकवले कोणी? आम्हीच शिकवले. धंदा रक्तातून येतो हे आमचे जुने मत. त्याने ते उचलून फौजदारी कायद्यात घातले, एवढेच.

खरी कारणे रक्तात नव्हती, रस्त्यावर होती. लमाण तांडे बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरत. १८५३ नंतर आगगाडी पसरत गेली आणि त्यांच्या बैलांना काम उरले नाही. रानाचे कायदे आले, तसे शिकारीवर जगणाऱ्यांचे पोट गुन्हा ठरले. फिरत्या माणसाकडून सारा घेता येत नाही आणि त्याच्यावर पाळतही ठेवता येत नाही. म्हणून सरकारला फिरता माणूसच नको होता. आरंभी हा कायदा उत्तरेकडे होता, १८७६ मध्ये बंगालला लागू झाला आणि १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई व मद्रास इलाखेही त्यात आले.

त्यानंतर आमच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. कैकाडी, भामटा, पारधी, कंजारभाट, मांग-गारुडी अशा अनेक जमातींची माणसे तिथे ठेवलेली. दिवसा गिरणीत काम, आणि ठरल्या वेळी हजेरी. अशाच वसाहती हुबळी, गदग, विजापूर येथेही निघाल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच कारखान्यांच्या आसपास निघाल्या, हे आम्ही युनियनवाले सहसा विसरत नाही. जो कामगार परवान्याशिवाय गाव सोडू शकत नाही, तो काम सोडणार कसा आणि संपावर जाणार कसा? मालकाला याहून सोयीचा माणूस कोणता? पण या वसाहतींत एक मोठी गंमतही दडली होती, तीकडे लक्ष द्यावे. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवण्याची तरतूद कायद्यात होती. का? तर चांगले वळण लागावे म्हणून. म्हणजे नोंदवही म्हणत होती की चोरी रक्तात आहे, आणि शाळा म्हणत होती की ती वळणात आहे. एकाच कायद्याच्या पोटात दोन्ही म्हणी नांदत होत्या. फरक इतकाच की आजीच्या म्हणींनी कोणाच्या पायात बेडी पडत नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९११ च्या कायद्याने या लोकांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार दिला. बोटांच्या ठशांचे शास्त्र उभे करणाऱ्यांत गाल्टनच पुढे होता. त्याचे पुस्तक १८९२ चे. त्याला आशा होती की ठशांत वंश आणि बुद्धी यांची खूण सापडेल. त्याने इंग्रज, वेल्श, ज्यू आणि आफ्रिकी लोकांचे ठसे ताडून पाहिले; विद्वानांचे, मजुरांचे आणि मतिमंदांचेही पाहिले. काही सापडले नाही. तसे त्याने प्रामाणिकपणे लिहूनही ठेवले. ठसा सांगतो की हा माणूस कोण. तो कसा आहे हे सांगत नाही. पण आमच्याकडचा अंमलदार अंगठा शाईत बुडवताना माणूस कसा आहे हे आधीच ठरवून बसलेला असे.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. त्याच वर्षी नेमलेल्या अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. त्या दिवशी वस्त्यांतून आजही विमुक्त दिन साजरा होतो. कुंपण गेले. नजर गेली का? लक्ष्मण माने यांचा 'उपरा' १९८० चा आणि लक्ष्मण गायकवाड यांचा 'उचल्या' १९८७ चा. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ज्यांना त्या नजरेविषयी काही विचारायचे आहे त्यांनी ती वाचावीत. आम्ही आमच्याविषयी सांगतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वी एका यंत्रमाग कारखान्यात सुताचे काही कोन कमी भरले. पाळीवर बाराजण होते. त्यांत एक पोरगा सेटलमेंटच्या बाजूचा. मालकाने त्यालाच काढले. आम्ही युनियनतर्फे बोलायला गेलो खरे, पण मालकाकडे पुरावा मागण्याआधी आम्ही त्या पोराला बाजूला घेतले आणि म्हणालो, "हे बघ, आमच्यापाशी तरी खरं सांग." तो म्हणाला, "अण्णा, बाकीच्या अकराजणांना असं बाजूला घेतलंत का?" घेतले नव्हते. मग तो चिडला, मालकाच्या टेबलावरची वही त्याने भिरकावली आणि निघून गेला. मालक म्हणाला, "बघा, शेवटी रक्त कुठं जातं!" सूत कोणी नेले, की मुळात मोजणीच चुकली होती, हे आजवर कळलेले नाही. भाषणातून जातिनिर्मूलनावर बोलणारा माणूस १८७१ चा कायदा खिशात घेऊन फिरत होता, हे मात्र आम्हांला त्या दिवशी कळले.

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. चळवळीतल्या माणसाला ते टोक फार आवडते: उपजत असे काही नसतेच, सगळे परिस्थितीचे. वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात अशीच प्रौढी मारली होती, की धडधाकट तान्ही मुले आपल्या ताब्यात द्या, हव्या त्याचा वकील करतो आणि हव्या त्याचा चोर. रशियात लायसेन्कोने गव्हावर हाच खेळ केला. त्याला विरोध करणारा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगात मेला. म्हणजे अनुभवाचा पक्ष नेहमीच दयाळू असतो असेही नाही.

आणि सत्य त्या टोकालाही नाही. चार मुलांची आई हे कोणत्याही प्राध्यापकाआधी सांगेल. न्यूयॉर्कमधले थॉमस आणि चेस या डॉक्टर पतिपत्नींनी १९५६ पासून १३३ मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत माग ठेवला. हालचाल किती, झोप-भूक वेळेवर की अवेळी, नवे माणूस पाहून पुढे येते की मागे सरते, रडणे हलके की घर डोक्यावर घेणारे, अशा नऊ गोष्टी त्यांनी पाहिल्या. सुमारे चाळीस टक्के मुले सोपी निघाली, दहा टक्के अवघड, पंधरा टक्के हळूहळू रुळणारी. उरलेली कोणत्याच खान्यात बसेनात. हे भेद अगदी पहिल्या महिन्यांतच दिसत होते. पुढे १९७९ पासून मिनेसोटात बूशार्ड यांनी वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला, तेव्हा गाल्टनची युक्ती फळाला आली. एकासारखी एक असलेली जुळी निरनिराळ्या घरांत वाढूनही स्वभावाने बरीच सारखी निघाली. माणसामाणसांच्या स्वभावात जो फरक असतो त्याचा सुमारे निम्मा भाग उपजत, असा हिशेब अशा अभ्यासांतून निघतो.

या 'निम्म्या'चा अर्थ नीट लावला पाहिजे, नाहीतर मालक पुन्हा जिंकतो. एका चादरीचा निम्मा भाग सुताचा आणि निम्मा विणकराचा असे कोणी म्हणत नाही. एकाच शेडमध्ये सगळ्यांना सारखे सूत दिले आणि तरी चादरी कमीजास्त उतरल्या, तर तो फरक माग आणि हात यांचा. पण शेजारच्या शेडला सडके सूत पुरवले असेल, तर दोन शेडमधल्या फरकाचे खापर तिथल्या विणकरांच्या हातांवर फोडता येणार नाही. जुळ्यांचा हिशेब एका शेडमधल्या माणसांचा आहे. जमाती जाहीर करणाऱ्या सरकारने दोन शेडची तुलना केली आणि सुताकडे पाहिलेच नाही.

थॉमस आणि चेस यांचे खरे मोठेपण मात्र आम्हांला पुढच्या निरीक्षणात दिसते. त्यांची पहिली मुले सुखवस्तू घरांतली होती. मग त्यांनी प्वेर्तो रिकोहून आलेल्या कामगार कुटुंबांतली मुलेही घेतली. तिथे 'पोरगे फार धावते, एका जागी बसत नाही' ही आईबापांची तक्रार नित्याची होती. सुखवस्तू घरांत ती जवळजवळ नव्हतीच. पहिल्यांना अंगण होते, मोठी घरे होती. दुसऱ्यांना लहान खोली, घरात माणसे जास्त, आणि बाहेरचा रस्ता धोक्याचा. उलट अवेळी झोपणाऱ्या मुलाचा त्रास सुखवस्तू आईला होई. कामगाराच्या घरी झोपेच्या वेळेचा हट्टच नव्हता, तिथे ती गोष्ट शाळा सुरू होईपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नसे. तेच पाय, तीच झोप. खोली किती फुटांची यावर ते दोष ठरले की नाही हे अवलंबून होते. स्वभाव वाईट की चांगला असे न विचारता तो भोवतीच्या जगात बसतो की नाही असे विचारावे, हा त्यांचा सिद्धांत.

केनियातल्या मासाई लोकांत तर याचे भयंकर प्रत्यंतर आले. डी व्रीस या संशोधकाने १९७४ च्या दुष्काळात तिथल्या तान्ह्या मुलांपैकी काही सोपी आणि काही अवघड म्हणून टिपून ठेवली होती. काही महिन्यांनी परत येऊन पाहतो तो शोध लागलेल्या सात सोप्या मुलांपैकी पाच दगावलेली. सहा अवघड मुलांपैकी एकच. संख्या लहान आहे, तिच्यावर मोठी इमारत उभारू नये. पण रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात जे मूल डॉक्टरकडे नेले असते, ते दुष्काळात जगले.

आता थोडे आजचे. जुना कायदा गेला तरी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे राज्याराज्यांत आले, आणि अनेक ठिकाणी नोंदवहीतली माणसे तीच राहिली. तुरुंगांच्या नियमपुस्तकांतून भटक्या-विमुक्तांचा सराईत गुन्हेगार म्हणून होणारा उल्लेख आणि जातीवरून कामाची वाटणी सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली आणि नियम दुरुस्त करायला तीन महिने दिले. १८७१ पासून मोजले तर एकशे त्रेपन्न वर्षे होतात.

तो पोरगा आम्हांला मध्यंतरी पुण्याजवळ एका बांधकामावर भेटला. आता तो तिथे मुकादम आहे, कानाजवळचे केस पांढरे झाले आहेत. आम्ही गेलो तेव्हा तो ठेकेदारावर ओरडत होता, कारण शनिवार असून मजुरांचा पगार आला नव्हता. आमच्याकडे पाहून त्याने हाताने थांबायची खूण केली आणि ओरडणे पुढे चालू ठेवले. पैसे आल्यावर मग चहा सांगितला.