अट लिहिलेली नसते : गिरणीच्या साचाखात्यापासून आयटीच्या मुलाखतीपर्यंत

"खासगी क्षेत्रात जात नसते, तिथे फक्त गुणवत्ता बघतात," हे आपल्या मुलांना कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ऐकवलं जातं. संगणक आल्यापासून या वाक्याला आणखी धार चढली. कोड लिहिणाऱ्याची जात यंत्राला कळत नाही, असं सांगतात. यंत्राला कळत नाही हे मान्य. पण त्या यंत्रापुढे कोणाला बसवायचं हे माणूस ठरवतो.

छत्रपती संभाजीनगरात आम्ही ज्या तरुणांसोबत काम करतो, त्यातले बरेच जण इंजिनिअरिंग किंवा एमसीए करून पुण्याला मुलाखतींना जातात. कोडिंगची फेरी पार पडते. मग एचआरची फेरी येते. वडील काय करतात? मूळ गाव कोणतं? घरात आणखी कोण शिकलंय? त्यानंतर कंपनीकडून मेल येत नाही. पाठपुरावा केला तर 'कंपनीच्या कल्चरमध्ये बसत नाही' एवढंच उत्तर. मुलगा समजतो, आपलं इंग्रजीच कमी पडलं. कधी ते खरंही असेल. पण खरं की खोटं हे कळण्याचा मार्गच त्याच्यापुढे ठेवलेला नाही. आमचा आक्षेप इथे आहे, आणि या आक्षेपाला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, घेत नसत. पगार तिथेच जास्त होता. कारण काय सांगायचे? कांडी बदलली की धोट्यातून दोरा तोंडाने ओढून काढावा लागतो. अस्पृश्याच्या तोंडाचा दोरा सवर्ण कामगार कसा धरणार? १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. संपात आमची माणसं हवीत, तर सगळी खाती आमच्यासाठी उघडा, ही त्यांची भूमिका होती.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, आपल्या शेजारच्या मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच भाषणातला भरतीचा मुद्दा मात्र फारसा कोणी सांगत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. त्याला पोर्टर का करत नाहीत? कारण पोर्टरने स्टेशन मास्तरच्या घरीही कामं करायची असतात, आणि मास्तरला अस्पृश्य घरात चालत नाही. कामाच्या आत दुसरं एक न लिहिलेलं काम दडवलेलं असतं, आणि त्या दुसऱ्या कामासाठी आपण 'अपात्र' ठरतो.

आता याच्या शेजारी सैन्यभरती ठेवून बघा. 'लढवय्या जातीं'च्या सिद्धांताखाली इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, ते सरकारी धोरण होतं. म्हणून शिवराम जानबा कांबळे १९१० मध्ये त्याविरुद्ध सरकारकडे दाद मागू शकले. उघड अटीविरुद्ध अर्ज करता येतो, लढता येतं. न लिहिलेल्या अटीविरुद्ध अर्ज कुठे करणार?

न लिहिलेली अट उघडी पाडण्याचं मोठं काम ज्यांनी केलं, त्यात आपल्या नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले डॉ. सुखदेव थोरात आहेत. थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. ऑक्टोबर २००७ मध्ये निष्कर्ष छापून आला : सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावलं जाण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २५ एचआर व्यवस्थापकांच्या मुलाखती घेतल्या. 'फक्त गुणवत्ता' म्हणणाऱ्या बहुतेकांनी उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' महत्त्वाची मानली. मनमाडच्या भाषणातला पोर्टर इथे पुन्हा भेटतो.

विरोधक दुसरा एक अभ्यास पुढे करतील. अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात असेच अर्ज पाठवले, तेव्हा सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत बोलावणं येताना जातिभेदाचा पुरावा मिळाला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र फरक दिसला. हा अभ्यास आम्ही नाकारत नाही, उलट तो आपल्या बाजूने वाचता येतो. जिथे कौशल्य मोजता येतं, तिथे भेदभावाला जागा कमी उरते. जिथे बोलणं, वावर आणि 'छाप' बघतात, तिथे ती वाढते. शिवाय तो अभ्यास बोलावण्यापाशी थांबतो. एचआरच्या खोलीत पुढे काय होतं, हे त्यात मोजलेलं नाही.

२००६ मध्ये खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची चर्चा पेटली, तेव्हा उद्योगांच्या संघटनांनी कायदा नको म्हणत ऐच्छिक आचारसंहितेचा मार्ग धरला. ऐच्छिक म्हणजे पुन्हा मास्तरच्या मर्जीवर! संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ आणि अॅट्रॉसिटी कायदा यांत नोकरीतल्या अडवणुकीचा उल्लेख आहे, पण पुराव्याविना ते हातात येऊनही निरुपयोगी. आणि पुरावा त्या बंद खोलीतच राहतो.

म्हणून खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाच्या मागणीसोबत आपण आणखी तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. मुलाखतीत कुटुंबाबद्दलचे प्रश्न बंद करा. प्रत्येक फेरीचे गुण आणि नकाराचं कारण उमेदवाराला लेखी द्या. किती अर्ज आले आणि किती घेतले, याचे सामाजिक प्रवर्गानुसार आकडे मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी जाहीर करावेत.

तोवर आपल्या हातात एक काम आहे. मुलाखतीतून बाहेर पडल्यावर त्याच दिवशी तारीख, फेरी आणि विचारलेले प्रश्न लिहून ठेवा. नकार आला तर मेलवर कारण विचारा, उत्तर जपून ठेवा. एकट्याची नोंद तक्रार वाटते; वस्तीवस्तीतल्या शंभर नोंदी एकत्र आल्या की तो दस्तऐवज होतो. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यातल्या संघटनेचं आजचं एक रूप हेही आहे. साचाखात्याची अट कोणी कागदावर लिहिली नव्हती. बाबासाहेबांनी ती चारचौघांत बोलून दाखवली, तेव्हाच ती मागणीपत्रात आली.

जय भीम!