सुट्टीचा वार

सोलापूरच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या शिवेलगतच्या गावांत एक जुनी चाल आहे. लिंगायत शेतकऱ्यांच्या घरी सोमवारी बैल जुंपायचे नाहीत. सोमवार हा नंदीचा वार. पेरणी अंगावर आलेली असो, आभाळ भरून आलेले असो, त्या दिवशी जू बैलाच्या मानेवर चढायचे नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी ही चाल डोळ्यांनी पाहिली असेल. गावोगावचे कित्येक कारागीरही अमावास्येला हत्यार बाजूला ठेवीत. म्हणजे विसावा घ्यावा हे आपल्या लोकांना कोणी बाहेरून येऊन शिकवले नाही. फक्त तो वाराने आणि तिथीने मिळे, मालकाच्या मर्जीने नव्हे.

पुढे गिरणी आली आणि हे सगळे बदलले. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. शेठ मोरारजी गोकुळदास यांनी काढलेली. मुरारजी पेठ हे नाव त्यांच्याच आठवणीचे. लोकांच्या तोंडी ती ‘जुनी गिरणी’ म्हणूनच राहिली. मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. दुष्काळाने गाव सोडलेले शेतकरी, हातमाग परवडेनासा झालेले तेलुगू भाषिक पद्मशाली विणकर, असे लोक तिथे कामाला लागले. विजेचे दिवे नव्हते तोवर गिरणीचे काम उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चाले. साहजिकच उन्हाळ्यात दिवस मोठा, तर काम मोठे! भोंग्याला सोमवार कळत नव्हता, की अमावास्या कळत नव्हती. सणावाराला गिरणी बंद राही, नाही असे नाही. पण दर आठवड्याला हक्काचा म्हणून एक दिवस नव्हता. बैलाला होता, माणसाला नव्हता.

आता कोणी म्हणेल, रविवारची सुट्टी साहेबाच्या चर्चमुळे आली. कचेऱ्यांपुरते ते खरे आहे. गिरणीच्या सुट्टीची हकीकत निराळी आहे, आणि ती एका मराठी माणसाची आहे. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले ते कार्यकर्ते. रेल्वेत, टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईच्या एका गिरणीत भांडारपाल झाले, तेव्हा कामगारांचे हाल त्यांना रोजच दिसू लागले. १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र ते चालवू लागले. १८८४ साली त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. त्यातल्या मागण्या ऐका: रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विसावा असावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच असावे, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आज या मागण्या वाचताना वाटते, यात मागण्यासारखे ते काय होते! पण यासाठी सहा वर्षे झगडावे लागले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि त्या सभेत दोन स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. त्या काळी चारचौघांत बोलणारी बाई म्हणजे नवल. इथे तर दहा हजारांचा जमाव. शेवटी १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार, तेव्हा आपल्या लोकांना तो परका वाटण्याचे कारण नव्हते.

लगोलग १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याची एक सुट्टी देशभरच्या मोठ्या कारखान्यांना बंधनकारक झाली, आणि मुंबईतल्या झगड्याचे फळ सोलापूरच्या गिरण्यांपर्यंत पोचले. त्याआधी १८८१ च्या कायद्याने महिन्याकाठी चार सुट्ट्या दिल्या होत्या त्या फक्त मुलांना, तेही सात ते बारा वर्षांच्या मुलांना. या वयाची मुले गिरणीत नऊ नऊ तास राबत, हेही त्यातच आले.

सुट्टी मिळाली, मग ती जाई कुठे? आधी घरकामात. महिन्याचा बाजार भरायचा, दळण आणायचे, गळके पत्रे ठोकायचे, पोरांचे केस कापून आणायचे, अंगात बसलेला कापसाचा तूस न्हाऊन काढायचा. एवढे झाले की माणूस मोकळा. मग तालमीत कुस्ती, बोळात पोरांचा विटीदांडू नि हुतूतू, कट्ट्यावर पत्ते, रात्री भजन. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा भरली म्हणजे तर बोलायलाच नको.

आणि सिनेमा! सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एकाच पेठेत नांदतात. मूकपटाला भाषेची अडचण नव्हती, त्यामुळे चारही भाषांचे लोक एका रांगेत बसून एकाच वेळी हसत. बोलपट आले ते १९३१ नंतर. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली निघाला, आणि भजनाची गोडी असलेल्या या माणसांना तो घरचाच वाटला असला पाहिजे. पुढच्या स्वस्त बाकांवरून शिट्ट्या वाजत, हे शिष्टांना आवडत नसे. मला त्यात काही वावगे दिसत नाही. सहा दिवस यंत्रांच्या खडखडाटात ज्याला शब्द ऐकू येत नाही, तो सातव्या दिवशी थोडा आवाज करणारच.

पण सगळ्यांचाच सुट्टीचा दिवस असा मोकळा नव्हता. सोलापुरात तारेच्या कुंपणातली ‘सेटलमेंट’ होती. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांना सरकारने तिथे डांबले होते. त्यातले कित्येक गिरणीत कामाला जात. काम तेच, सुट्टीही तीच. पण हजेरी चुकत नसे नि पासाशिवाय परगावी जाता येत नसे. परगावच्या सोयऱ्याला भेटायला जायचे तर आधी परवानगी! हा कायदा १९५२ साली रद्द झाला.

गुरुजनांना इथे एक सुचवतो. आपल्या वर्गातल्या मुलांना घरच्या म्हाताऱ्या माणसांकडे पाठवा. आजोबांची सुट्टी कुठल्या वारी असे, त्या दिवशी ते काय करीत, हे विचारून दहा ओळी लिहून आणायला सांगा. सोलापूरच्या त्या जुन्या गिरण्यांचे भोंगे आता वाजत नाहीत. ती माहिती सांगणारी माणसेही दरसाल कमी होत आहेत. आणि आजीलाही विचारायला विसरू नका, कारण तिचे उत्तर निराळे येईल.

कामाचे तास पुढे उतरत गेले. १९३४ च्या कायद्याने आठवड्याला चोपन्न झाले, १९४६ साली अठ्ठेचाळीस. २९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांना शनिवारही सुट्टीचा झाला. शाळांना मात्र तो लागू नाही, हे शिक्षकांना मी सांगायला नको. पण सोलापुरात विडी वळणाऱ्या हजारो बाया आहेत. पानांची नि तंबाखूची टोपली घरी आणायची, विड्या वळायच्या, मोजून द्यायच्या. जेवढ्या विड्या तेवढे पैसे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कारखान्यातल्या विडी कामगाराला आठवड्याची सुट्टी लिहून दिली होती. घरच्या उंबऱ्यात टोपली घेऊन बसणारीला ती कोणी द्यायची? नवरा सुट्टीच्या दिवशी उशिरा उठतो, पोरे सिनेमाला पैसे मागतात, पाहुणे जेवायला येतात. त्या दिवशी तिच्या चुलीवर भाकरी जास्त होतात नि टोपलीतली पाने रात्रीपर्यंत उरतात.