तरुणांना काम द्या : एका तरुण संघाची सुरुवात



मंडळीत तरुण संघ सुरू करायचे ठरले की पहिला प्रश्न येतो, ‘मुलांना आवडेल असे काय ठेवायचे?’ मग गाणी, खेळ, सहल, अल्पोपहार. काही महिने गर्दी होते आणि पुढे तीच चार मुले उरतात. अशा वेळी १८८१ साली एका तरुण पाळकांनी काय केले, ते आठवावे.

अमेरिकेतील मेन राज्यात, पोर्टलंड शहरी, विलिस्टन ही काँग्रिगेशनल मंडळी होती. मुंबईत १८१३ साली आलेले आणि पुढे अहमदनगरला स्थिरावलेले अमेरिकन मिशनरी बहुतेक याच परंपरेतले. विलिस्टनचे पाळक फ्रान्सिस क्लार्क तेव्हा २९ वर्षांचे होते. त्या हिवाळ्यात मंडळीतील बऱ्याच मुलामुलींनी प्रभूचा स्वीकार केला होता. क्लार्क यांना काळजी होती ती पुढची. यांचा विश्वास टिकायचा कसा?

२ फेब्रुवारीच्या संध्याकाळी त्यांनी या मुलांना घरी बोलावले आणि एका नव्या संघाचे नियम वाचून दाखवले. सभासदाने साप्ताहिक प्रार्थनासभेला यावे आणि तिथे नुसते बसून न राहता काहीतरी भाग घ्यावा. महिन्यातून एकदा प्रत्येकाने आपली आत्मिक वाटचाल कशी चालली आहे ते सांगावे. अट सोपी नव्हती. तरी मुलांनी सह्या केल्या. ‘ख्रिस्ती एन्डेव्हर’ चळवळीची ही सुरुवात.

कामेही वाटलेली होती. एक समिती प्रार्थनासभेचा विषय आणि पुढारी ठरवी. दुसरी नवीन मुलांना आणी आणि जो येईनासा झाला त्याची विचारपूस करी. तिसरी अनोळखी माणसांचे स्वागत पाही. ज्यांचा निर्णय अजून झाला नव्हता त्यांच्यासाठी वेगळे सहयोगी सभासदत्व होते. त्यांना कोणी दाराबाहेर ठेवले नाही.

क्लार्क यांनी त्याच वर्षी या प्रयोगावर एक लेख लिहिला. तो वाचून मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्टच्या मंडळीने दुसरा संघ काढला. पुढे ही चळवळ अनेक पंथांत आणि भारतासह अनेक देशांत पोहोचली.

यात आपल्यासाठी काय आहे? इंदूर असो, बेळगाव असो की हैदराबाद, आपली मुले शाळेत एक भाषा बोलतात आणि उपासनेत दुसरी ऐकतात. मराठी शास्त्रपाठ वाचताना ती अडखळतात, म्हणून आपण तो पाठ वडीलधाऱ्यांनाच देतो. मग वाचायला ती शिकणार केव्हा? तीमथ्याच्या तरुणपणाला कोणी तुच्छ मानू नये, असे पौलाने त्याला लिहिले (१ तीमथ्य ४:१२), तेव्हा त्याच्यावर मंडळीची जबाबदारी आधीच सोपवलेली होती.

नवा संघ काढत असाल तर पाच-सहा मुलांपासून काढा. पहिल्याच सभेत प्रत्येकाच्या हाती एक खरे काम द्या. कोणी पाठ वाचील, कोणी प्रार्थना करील, कोणी आजारी सभासदाच्या घरी जाऊन येईल. चुका होतील. एका वडिलांनी त्यांच्याजवळ बसावे आणि न रागावता सांभाळून घ्यावे.

प्रभू आपल्या तरुणांना धैर्य देवो आणि आपल्याला धीर देवो. आमेन.