गिअरबॉक्सचे कूळ

नाशिकमध्ये काय किंवा पुण्या-मुंबईत काय, दुकानात जाऊन ‘रोबोसाठी मोटर हवी’ म्हटले की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘किती आरपीएमची?’ साठ, शंभर, दोनशे, तीनशे, पाचशे. आपल्याकडे गिअरची मोटर फेऱ्यांच्या आकड्यावर विकली जाते आणि शाळा-कॉलेजातली मुलेही त्याच आकड्यावर ती घेतात. त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, असे मला मनापासून वाटते. ही गिअरबॉक्स मुळात कशासाठी जन्मली? आपल्या बाजारात स्वस्तात मिळणारी जवळपास प्रत्येक गिअरबॉक्स दुसऱ्याच कुठल्या तरी यंत्राची लेक आहे. माहेरचे गुणदोष घेऊनच ती रोबोत येते.

तिचे काम मात्र फार जुने आहे: वेग द्यायचा आणि जोर घ्यायचा. आपल्या भागात हे काम सगळ्यांनी पाहिले आहे ते उसाच्या चरकात. लाकडी चरकाच्या उभ्या लाटांना माथ्याशी तिरपे दाते कोरलेले असत. बैल एक लाट फिरवायचा आणि दात्यात दाता अडकून शेजारची लाट उलटी फिरायची. 1870च्या दशकात बिहारमधल्या बिहिया इथे थॉमसन आणि मिल्न यांनी लोखंडी चरक बनवला आणि लाकडी दाते हळूहळू मागे पडले. आज निफाड-सिन्नरच्या रस्त्यावरच्या रसवंतीत बैलाच्या जागी विजेची मोटर असते. ती मिनिटाला साधारण 1440 फेरे घेते, आणि तो वेग पट्टा नि गिअर यांनी उतरवत नेल्याशिवाय लाटांना ऊस चिरडण्याचा जोर येत नाही. अडीचशे ग्रॅमच्या खेळण्यात नेमके हेच घडते, फक्त दाते प्लॅस्टिकचे असतात.

त्या खेळण्याची कथा जपानमध्ये सुरू होते. दुसऱ्या महायुद्धानंतर केनिची माबुची यांनी कायमच्या चुंबकावर चालणारी छोटी, स्वस्त मोटर तयार केली. 1954 साली त्यांची कंपनी उभी राहिली आणि चावीच्या स्प्रिंगवर धावणाऱ्या पत्र्याच्या गाड्या बॅटरीवर धावू लागल्या. ‘130’ मापाची ती मोटर पुढे जगभरच्या खेळण्यांत गेली. आपण जिला ‘बीओ मोटर’ म्हणतो त्या पिवळ्या डबीच्या शेपटीला याच मापाची मोटर बसवलेली असते. शाळांमध्ये 2016 पासून अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या आणि ही पिवळी डबी गावोगावच्या मुलांच्या हातात पोचली. ही फार चांगली गोष्ट झाली. शंभर रुपयांच्या आत मिळणारी, उघडून आतली चक्रे बघता येणारी दुसरी गिअरबॉक्स नाही.

पण ती खेळण्याची आहे, हे विसरून चालत नाही. आतली मोटर 6 व्होल्टवर मिनिटाला नऊ-दहा हजार फेरे घेते. एकास अठ्ठेचाळीस या प्रमाणात उतरून चाकाला सुमारे दोनशे फेरे मिळतात. 65 मिलिमीटरच्या चाकावर गाडी सेकंदाला साठ-सत्तर सेंटिमीटर धावते, आणि सपाट फरशीवर हे झकास आहे. आता त्याच गाडीवर मोठी बॅटरी, लोखंडी सांगाडा आणि हात चढवा. वजन दोन किलो झाले आणि स्पर्धेत पंधरा अंशांचा चढ आला, तर नुसते वर सरकायला अर्धा किलोहून थोडा जास्त जोर लागतो. सव्वातीन सेंटिमीटरच्या त्रिज्येने गुणले की जवळजवळ 1.7 किलो-सेंटिमीटर टॉर्क होतो, म्हणजे दोन मोटरींत प्रत्येकी 0.85. बीओ मोटर एक किलो-सेंटिमीटरच्या आसपास पूर्ण जाम होते. एवढ्या टोकावर तिला चालवले तर वाइंडिंग तापते, मोटरवरचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, शाफ्टवर घसरू लागतो आणि मग गाडी नुसती गुणगुणते. जाम होण्याच्या टॉर्कच्या एक तृतीयांशाच्या आत मोटर चालवावी, हा हिशेब धरला तर इथे प्रत्येकी अडीच किलो-सेंटिमीटरची मोटर हवी. हे गणित सातवीच्या मुलालाही जमते, आणि ते दुकानात जाण्याआधी करायचे असते.

दुसरे घराणे मोटारगाडीचे, आणि नाशिकला ते परके नाही. सातपूरला महिंद्राच्या गाड्या तयार होतात. स्कॉर्पिओ 2002 साली इथूनच बाहेर पडली. प्रत्येक गाडीच्या काचेखाली वायपरची मोटर असते आणि गाडी भंगारात गेली तरी ती बहुधा धडधाकट उरते. इंजिनिअरिंगच्या मुलांनी ती शोधून काढली नसती तरच नवल. पुण्यात 2008 साली एबीयू रोबोकॉन ही विद्यार्थ्यांची रोबो-स्पर्धा झाली, तेव्हा स्पर्धेचा विषयच दहीहंडी होता. हात उंच नेऊन तिथेच रोखून धरायचा, अशा कामाला वायपरची मोटर फार उपयोगी पडते. तिच्यात वर्म गिअर असतो: स्क्रूसारखा आटा एक फेरा घेतो तेव्हा चाक एकच दाता पुढे सरकते. या रचनेत वारा वायपरला सहसा मागे ढकलू शकत नाही, आणि म्हणूनच वीज गेली तरी रोबोचा हात सहसा खाली येत नाही. वायपरच्या दांड्या शाफ्टला सतत आडवे ओढतात, त्यामुळे तिचे बुश लांब आणि भक्कम असते. त्यावर थेट चाक बसवले तरी चालते. किंमत मोजावी लागते ती वजनात आणि विजेत. आटा दात्यावर घासतच फिरतो, त्यामुळे घेतलेल्या शक्तीचा मोठा भाग उष्णतेत जातो. एवढे असूनही मोठ्या रोबोचा हात उचलायला मी आधी हीच मोटर सुचवेन.

एन-20 ही 12 मिलिमीटर रुंदीची, पितळी दात्यांची मोटर इलेक्ट्रॉनिक कुलपांत दिसते. तिथे तिचे काम क्षणभराचे असते. हलक्या लाइन फॉलोअरला ती उत्तम; धडका घेणाऱ्या गाडीला नाही, कारण बाजूच्या धक्क्याने तिचा 3 मिलिमीटरचा शाफ्ट आणि नाजूक दाते दोन्ही जातात.

लढाऊ रोबोवाल्यांनी गिअरबॉक्स घेतली ती कॉर्डलेस ड्रिलमधून. मधला गिअर सूर्य, भोवती फिरणारे तीन ग्रह. जोर एकाच दात्यावर न येता तिघांत वाटला जातो, म्हणून एवढ्याशा डबीत तो मावतो. सूर्य-ग्रहांची ही जोडी जेम्स वॉटच्या कारखान्यात विल्यम मर्डॉकने सुचवली आणि 1781 साली वॉटने तिचे पेटंट घेतले. तिथे ती वाफेच्या इंजिनाच्या दांड्याचे वरखाली होणे चाकाच्या फिरण्यात बदलत होती. ड्रिल हातात अडकते, आचके देते, दणके खाते. असल्या माहेरची गिअरबॉक्स अखाड्यात टिकते यात आश्चर्य नाही.

आता एक नवी शाखा फुटली आहे. थ्रीडी प्रिंटर कॉलेजात आला आणि मुले आपल्या रोबोच्या वजनाला, चाकाला आणि चढाला नेमकी लागेल ती गिअरबॉक्स स्वतः काढू लागली. तिला कुठल्याही खेळण्याचा किंवा गाडीचा वारसा नाही. इथे सावध राहायचे ते दात्याच्या मापाबाबत: 0.4 मिलिमीटरच्या नोझलने छापायचे तर एक मॉड्यूलपेक्षा बारीक दाता काढू नये, दात्यांत किंचित मोकळीक ठेवावी, शाफ्ट प्लॅस्टिकमध्ये न फिरवता दोन्ही टोकांना बॉल बेअरिंग द्यावे, आणि मोटरवरचा पहिला पिनियन, जो सगळ्यात जास्त फिरतो आणि तापतो, तो पितळेचाच विकत आणावा.