सुरतेतील मानवधर्म सभा आणि दादोबा पांडुरंग

सुरतेहून तापी खोऱ्याच्या रेल्वेने खानदेशाकडे निघाले म्हणजे उधन्यानंतर थोड्याच वेळात चलथाण लागते. या टापूत पोटापाण्यासाठी येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना सुरत ठाऊक असते ती शिवछत्रपतींच्या स्वारीमुळे. परंतु त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी याच शहरात एका मराठी शिक्षकाने अगदी निराळ्या मोहिमेत भाग घेतला होता. हे शिक्षक म्हणजे मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर.

तो काळ कसा होता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. लंडन मिशनरी सोसायटीचे लोक सुरतेत येऊन जवळजवळ तीस वर्षे झाली होती, आणि बायबलचे गुजराती भाषांतर करून ते त्यांनी येथेच छापले होते. इकडे मुंबईत १८३९ साली दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतल्याने मोठाच प्रक्षोभ उडाला होता. मिशनरी हिंदूंच्या मूर्तिपूजेवर आणि जातिभेदावर तर्काचे शस्त्र चालवीत. पण तर्क हे असे शस्त्र आहे, की ते एकाच्याच हाती राहत नाही. बायबलातील चमत्कारांवर युरोपातील बुद्धिवाद्यांनी घेतलेले आक्षेप इंग्रजी ग्रंथांतून येथेही येऊन पोहोचले होते. तेव्हा नवशिक्षितांपुढे पेच पडला: परधर्माला जी कसोटी लावावयाची, ती स्वधर्माला लावावयाची की नाही?

दादोबा त्या वेळी सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत होते. दुर्गाराम मंछाराम मेहता हे गुजराती शाळेचे मेहताजी त्यांचे सहकारी होते. या दोघांनी आणखी काही मित्रांसह २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन केली. ईश्वर एक, मनुष्यजात एक आणि धर्माची परीक्षा विवेकाने करावयाची, हे तिचे सार होते. हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती या तिन्ही धर्मांतील दंभ उघडा करावा, असे तिचे धोरण होते. मंत्रतंत्र करणारांनी आपली विद्या प्रत्यक्ष सिद्ध करून दाखवावी, असे आव्हानही तिने दिले. या सभेचा विशेष असा, की तिचे काम उघड चाले. मात्र १८४६ मध्ये दादोबा मुंबईस परतले, १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटास गेले, आणि सभा संपली.

मुंबईत १८४९ साली दादोबांच्या प्रेरणेने परमहंस मंडळी निघाली. तत्त्वे बहुतेक तीच होती, परंतु कारभार गुप्त होता. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावयाचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावयाचे, अशी दीक्षा असे. हा पाव बंद दाराआड खाल्ला जाई. पुढे १८६० च्या सुमारास कागदपत्रे चोरीस जाऊन नावे फुटली, आणि बहिष्काराच्या धास्तीने मंडळी मोडली.

याच मंडळीत बेळगावचे बाबा पदमनजी होते. केवळ बुद्धीने त्यांचे समाधान झाले नाही. १८५४ साली त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला आणि आप्तांचा वियोग पत्करला. त्यांचा निर्णय कोणास पटो वा न पटो, त्यांनी त्याची किंमत स्वतः मोजली, हे मान्य करावेच लागेल.

आणि दादोबा? मोरोपंतांच्या ‘केकावली’वर टीका लिहिणारा हा विद्वान उतारवयात ख्रिस्ती विचाराकडे पुन्हा वळला. स्वीडनचे शास्त्रज्ञ व धर्मचिंतक इमॅन्युएल स्वीडनबोर्ग यांच्या ग्रंथांवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८७८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. ईश्वराचे एकत्व, शास्त्रवचनांचा आंतरिक अर्थ, आणि सदाचरणी परधर्मीयासही स्वर्गाचे दार मोकळे, हा स्वीडनबोर्गचा विचार मानवधर्म सभेच्या या संस्थापकास जवळचा वाटला, यात नवल ते काय? दादोबांनी बाप्तिस्मा मात्र घेतला नाही. तारुण्यात ज्या धर्माच्या प्रचारकांशी वाद घातला, त्याच धर्मातील विचारवंताचे ऋण त्यांनी वार्धक्यात मोकळेपणी मान्य केले. वाद म्हणजे वैर नव्हे, याचा याहून चांगला दाखला कोणता द्यावा?

१८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष डॉ. आत्माराम पांडुरंग हे दादोबांचेच धाकटे बंधू. म्हणजे सुरतेत पेरलेले वाया गेले नाही. परंतु मला महत्त्वाचा वाटतो तो सुरतेच्या उघड सभेतील आणि मुंबईच्या बंद खोलीतील फरक. दोन्ही ठिकाणी विचार एकच होता. सभा चालविणारे गेल्यामुळे सुरतेचे काम थांबले. मुंबईचे काम मात्र नावे कळताच थांबले. श्रद्धा आणि बुद्धी यांचा संवाद आजही संपलेला नाही. तो आपण चारचौघांत करतो की दार लावून, एवढेच प्रत्येकाने स्वतःस विचारावे.