गरुडाच्या पिसातलं विष

जुना ट्रान्सफॉर्मर भंगारात निघालेला दिसला की मला सोरेन येन्सेन आठवतात. १९६४ साली हे स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ प्राण्यांच्या शरीरात डीडीटी शोधत होते. तपासणीत सोबत भलतंच काहीतरी दिसायचं. त्यांनी संग्रहालयातली गरुडाची जुनी पिसं तपासली. डीडीटी येण्याआधीच्या पिसांतही तेच! म्हणजे हे डीडीटी नव्हेच. १९६६ मध्ये उलगडा झाला: ते होतं पीसीबी, ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलं जाणारं रसायन. सहज न विघटणारं, चरबीत साठणारं. त्यांच्या तान्ह्या मुलीच्या केसांतही ते सापडलं.

१९२९ पासून कारखान्यांत बनत होतं, पण ३७ वर्षं ते निसर्गात कुणाला दिसलंच नाही. २००१ साली स्टॉकहोम करार झाला. आपल्याकडचं जुनं तेल कुठे जातं, हे विचारायलाच हवं. दिसलं नाही म्हणजे नाही, असं नसतं.