नवख्यांची मुंबई : खानावळ, इराणी आणि उडुपी

मुंबईतील बहुतेक जुनी खाद्यगृहे शहरात नव्याने आलेल्या माणसांनी नव्याने येणाऱ्यांसाठीच उघडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या शहरातील दर पाच माणसांपैकी जवळपास चार जण शहराबाहेर जन्मलेले होते. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, 1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला कापडगिरणी उभारण्यासाठी कंपनी काढली आणि 1863 मध्ये बोरघाट रेल्वेला खुला झाला. कोकणातली माणसे बोटीने, घाटावरची रेल्वेने अशी दोन्ही बाजूंनी मुंबईत उतरू लागली. त्याच 1863 साली गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचें वर्णन’ प्रसिद्ध झाले. मराठीत या शहरावर लिहिलेले हे पहिले सविस्तर पुस्तक. माडगांवकरही मूळचे गोव्याचे, लहानपणी मुंबईत आलेले. आपण जन्मलो नाही ते शहर नीट पाहावे आणि लिहून ठेवावे, अशी गरज बाहेरून आलेल्यालाच वाटावी हे स्वाभाविक होते.

माडगांवकरांचे पुस्तक मात्र शिकलेल्यांसाठी होते. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागांतून आलेल्या गिरणी कामगाराला मुंबईची ओळख व्हायची ती गाववाल्यांच्या खोलीत आणि खानावळीत. लालबाग, परळ, नायगाव, वरळी, शिवडी या पट्ट्यात, म्हणजे गिरणगावात, गिरण्या वाढल्या आणि त्यांच्या आसऱ्याने चाळी. दहा बाय बाराच्या खोलीत एका गावची दहा-पंधरा माणसे राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागी झोपे. बायको-मुले गावीच असत, कारण शेतीचा तुकडा सोडवत नसे आणि गिरणीची नोकरी कधी जाईल याचा भरवसा नसे. शिवाय एका पगारात मुंबईत बिऱ्हाड चालणे कठीण होते. खोलीत झोपायला जागा नाही तिथे चूल कोण मांडणार? हे काम खानावळवालीने उचलले.

खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. चाळीतल्याच एका बिऱ्हाडात बाई स्वतःच्या कुटुंबाबरोबर पाच, दहा, कधी वीस-पंचवीस पुरुषांचा स्वयंपाक करी. यांत विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, नवरा गिरणीत असूनही घर भागत नाही अशाही होत्या. गिरण्यांमधली बायकांची संख्या पुढे कमी होत गेली. रीळ आणि वाइंडिंग खात्यांतली त्यांची कामे गेली, तसतशा आणखी बायका या धंद्याकडे वळल्या. सकाळच्या पाळीचा माणूस उजाडता भोंग्याला निघे, म्हणून बाईचा स्टोव्ह किंवा चूल पहाटे चार वाजता पेटलेली असे. त्याचा डबा भरायचा, मग दुसऱ्या पाळीचे दुपारचे जेवण, मग रातपाळीवाल्याचे संध्याकाळी. नळाला पाणी ठरावीक वेळीच येई. रॉकेल आणि धान्यासाठी रांग असे. या साऱ्यात बाईचा दिवस अठरा तासांच्या घरात जाई, आणि तरी तिची गणना कामगारांत कोणी करीत नसे.

हिशेबाची पद्धत साधी होती. महिन्याचा दर ठरलेला. माणूस गावी गेला किंवा जेवायला आला नाही तर खाडा धरला जाई, पण आधी सांगितले असेल तरच. गिरणीचा पगार महिना भरल्यावर, तोही पुढच्या महिन्याच्या मध्याकडे मिळे. म्हणजे नव्याने लागलेला माणूस पहिला दीड महिना उधारीवर जेवे. ती उधारी खानावळवाली सोसत असे. तिला वाण्याकडून उधार आणावे लागे आणि वाणी थांबला नाही तर सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे घ्यावे लागत. गिरणीमालकाने अडकवून ठेवलेल्या पगाराचा भार शेवटी या बाईच्या चुलीवर येई. गिरणगावाच्या अर्थव्यवस्थेविषयी बोलताना ही गोष्ट सहसा सुटून जाते.

ताटात काय असेल ते बाईच्या गावावर ठरे. मालवण-रत्नागिरीच्या बाईकडे भात, माशाचे कालवण, सुकट. साताऱ्याच्या बाईकडे भाकरी, आमटी, खरडा. त्यामुळे नवखा माणूस आपल्या तालुक्याची खानावळ शोधत येई आणि त्या ताटावरच त्याला कोणत्या गिरणीत बदली कामगार घेतात, कोणत्या जॉबरला, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाला, भेटायचे, कुठली ट्राम कुठे जाते हे कळे. संपाच्या काळात खानावळवाल्या महिनोन्‌महिने पैसे न घेता जेवू घालीत. 1928 च्या मोठ्या संपापासून 1982 पर्यंतचे संप जेवढे युनियनच्या बळावर चालले, तेवढेच या उधारीवरही.

गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती तरुणांची सोय वेगळी होती. धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावचे ‘कूड’ होते. गावच्या नावाचा क्लब, गावच्या संताची वेदी, ओळीने मांडलेल्या ट्रंका आणि नाममात्र भाड्यात झोपायची जागा. जहाजावर नोकरी मिळेपर्यंत खलाशी इथे थांबत. संध्याकाळच्या रोझरीला हजर राहणे हा नियम असे.

खानावळ जात आणि गाव पाहून चाले, हे मात्र झाकता येत नाही. धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते या कारणाने गिरणीच्या विणकाम खात्यात दलितांना मज्जाव होता, आणि तोच विटाळ जेवणाच्या पंगतीतही होता. गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय वस्तीतही सुरुवातीची भोजनगृहे बहुधा उच्चवर्णीयांपुरती होती. सार्वजनिक हॉटेलात अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारणे देशभर कायद्याने गुन्हा ठरले ते 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने.

जातीचा हा बांध कायद्याच्या कितीतरी आधी सैल केला तो इराण्याने. इराणातील यझ्द आणि केरमान भागांतील झरतुष्ट्री लोक दारिद्र्य, दुष्काळ आणि धार्मिक जाच यांना कंटाळून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला मुंबईत आले. पारशी त्यांचे धर्मबंधू, पण काही शतके आधी आलेले आणि तोवर स्थिरावलेले. नव्यांनी चहा विकायला सुरुवात केली. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा अशुभ मानून हिंदू व्यापारी टाळत, ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे नेहमी सांगितले जाते. कारण काहीही असो, दोन रस्त्यांकडून दारे असलेली जागा हॉटेलला उत्तमच होती. धोबीतलावचे कयानी 1904 मधले, ग्रँट रोड स्टेशनसमोरचे बी. मेरवान 1914 मधले, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया 1923 मधले.

संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतींवर आरसे आणि गल्ल्यावर बसलेला मालक, ही मांडणी सगळीकडे जवळजवळ सारखी. ब्रून किंवा बनमस्का, खारी, मावा केक आणि ‘पानी कम’ चहा. पहाटे उघडणारे, एका चहावर बराच वेळ बसू देणारे आणि जात न विचारणारे हे ठिकाण होते. एकट्या पुरुषांच्या शहरात ‘फॅमिली रूम’ची पडदेवाली खोली ही बायका-मुलांना बाहेर खाता यावे यासाठी केलेली सोय होती. दुकानाच्या एका भागात साबण, बिस्किटे, ब्लेड विकायला असत. नवख्या माणसाला पत्ता विचारायला, फोन करायला आणि नोकरीची जाहिरात वाचायला इराण्याइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. ‘इथे हे करू नका, ते करू नका’ अशा पाट्यांसाठीही इराणी प्रसिद्ध होता. निस्सीम इझिकेल यांनी अशा पाटीवरून इंग्रजी कविताच केली.

मराठी उपाहारगृहांचा जम याच काळात बसला. क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह 1898 चे. बाहेरगावहून कामानिमित्त येणारी प्रतिष्ठित मंडळी तिथे उतरत. लोकमान्य टिळकांचा मुक्कामही तिथे असे आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांचे निधन तिथेच झाले. दादरच्या मामा काणे यांच्या उपाहारगृहाचे मूळ 1910 सालापर्यंत जाते. बटाटेवडा, मिसळ, साबुदाणा खिचडी, पियूष हे पदार्थ घराबाहेर, टेबलावर बसून खाण्याची सवय मराठी मध्यमवर्गाला अशा ठिकाणांनी लावली. घरी जे होते तेच विकत घेऊन खाणे हा आधी उधळेपणा समजला जाई.

दक्षिणेकडच्या लोकांची मुंबई माटुंग्याला वसली. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भाग आखून घेतला. रुंद रस्ते आणि नव्या इमारती झाल्यावर तमिळ, मल्याळी, कन्नड कारकून आणि टंकलेखक तिथे राहायला आले. हेही बरेचसे एकटे तरुण. त्यांच्यासाठी उडुपी आणि पालघाटकडच्या आचाऱ्यांनी भोजनगृहे काढली. किंग्ज सर्कलचे कॅफे मद्रास 1940 चे, तर माटुंगा स्टेशनाजवळचे ए. रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 चे. रामा नायक यांच्याकडे आधी कूपन घ्यायचे, नंबर लागला की लांब टेबलाशी अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचे. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाज्या, ताक. वाढपी थांबत नाही आणि जेवणाराही रेंगाळत नाही. बाहेर वाट पाहणारी रांग दिसत असते.

पुढच्या पिढीत हा धंदा तुळुनाडूच्या बंट, म्हणजे शेट्टी मंडळींनी शहरभर नेला. 1970 च्या दशकातील कर्नाटकच्या कूळ कायद्याने त्यांच्यातील अनेकांच्या जमिनी गेल्या, हे त्यामागचे एक कारण. त्यांच्याकडचा पोऱ्या दिवसा टेबल पुसे आणि रात्री कन्नड रात्रशाळेत जाई. त्यांच्यापैकी कितीतरी जण पुढे हॉटेलमालक झाले. इडली-डोशाबरोबर पावभाजी, ‘चायनीज’ आणि राइस प्लेट एकाच मेन्यूकार्डावर आणून उडुप्याने इराण्याचे गिऱ्हाईक ओढले.

पोटाची सोय झाल्यावर शहर पाहायचे, पण कधी? 1890 पूर्वी गिरणी कामगाराला ठरलेली साप्ताहिक सुटीच नव्हती. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी अर्ज केले, सभा घेतल्या आणि मालकांनी 10 जून 1890 रोजी रविवारची सुटी मान्य केली. मुंबईत सामान्य माणसाच्या भटकंतीचा इतिहास खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो. खानावळीत रविवारी मटण किंवा गोडधोड असे. ते जेवून माणसे बाहेर पडत. सगळ्यांत जवळची जागा भायखळ्याची राणीची बाग. ती 1862 मध्ये खुली झाली होती आणि तिच्या आवारातील वस्तुसंग्रहालय (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) 1872 मध्ये. गावाहून पाहुणा आला की वाघ-हत्ती दाखवायला इथेच आणत. 1874 मध्ये घोड्यांच्या आणि 1907 मध्ये विजेच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या, त्यामुळे गिरगाव चौपाटी, महालक्ष्मी, फोर्ट हेही आवाक्यात आले. गेटवे ऑफ इंडिया 1924 मध्ये पूर्ण झाले. मलबार हिलवर हँगिंग गार्डनसमोर 1952 मध्ये कमला नेहरू पार्क झाले आणि तिथला म्हातारीचा बूट महाराष्ट्रातल्या शाळांच्या सहलींचे ठिकाण बनला. यातील बहुतेक जागा फुकट किंवा काही पैशांत पाहता येत. चौपाटीवरची भेळ हाच खर्च. पुढे ‘मुंबई दर्शन’च्या बसगाड्यांनी हाच मार्ग कायम केला.

बसून खायलाही वेळ नसलेल्यांची सोय त्यानंतर झाली. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा आणि पाव एकत्र दिला, असे सांगतात. उभ्या उभ्या खाऊन गाडी पकडता येईल असे हे जेवण. पावाची देणगी गोवेकर पोर्तुगीज परंपरेची, वडा मराठी घरातला. 1982 च्या संपानंतर बेकार झालेल्या अनेक कामगारांनी याच्याच गाड्या टाकल्या.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला तो संप खानावळींच्या मुळावर आला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. बहुतेक गावी परतले आणि उधारी तशीच राहिली. खानावळवाल्यांची संघटना त्याआधीच उभी राहिली होती. गोवा मुक्तिलढ्यातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांकडून कमी व्याजाचे कर्ज मिळवून देणे हे त्याचे पहिले काम. ज्यांच्या नावावर घर नाही, दुकान नाही, त्यांना बँकेने उद्योजक म्हणून मानावे हा त्या काळी मोठा बदल होता. गिरण्या गेल्यावर मंडळाने कार्यालयांना डबे आणि समारंभांना जेवण पुरवायला सुरुवात केली.

आज कोपऱ्यावरचे इराणी बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांच्या जागी बँका आणि औषधांची दुकाने आली. गिरगावच्या खोताच्या वाडीतील माशांसाठी नावाजलेला अनंताश्रम बंद झाला. माटुंग्याचे रामा नायक चालू आहे. गिरणगावात टॉवर उभे आहेत आणि त्यांत नोकरीला येणारी मुले पीजीमध्ये राहून मोबाइलवर जेवण मागवतात. अन्नपूर्णा महिला मंडळाने नवी मुंबईत वाशीला नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह बांधले असून बाहेरगावहून कामासाठी आलेल्या मुली तिथे राहतात.